जेसीबीचे मालक बॅमफर्ड शून्यातून वर आले, मग मी पण घरचा धंदा सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकू का?

शून्यातून वर आले हे आधी डोक्यातून काढा. जोसेफ सिरिल बॅमफर्ड (जेसीबी ही ह्याच माणसाच्या नावाची अक्षरं) इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या युटॉक्सेटरचा, जन्म १९१६ चा, आणि घरात शेतीअवजारांचा कारखाना आधीपासून होता, म्हणजे लोखंड कळणारं घर. दुसरं महायुद्ध संपता संपता तो त्या कारखान्यातनं बाहेर पडला कारण काकाचं मत झालं की ह्या पोराचं पुढं काही होत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच होतो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण हेच वाक्य मी माझ्या चुलत्यांच्या तोंडून चार गिऱ्हाइकांसमोर ऐकलंय.

आम्ही ट्रॉल्या बनवतो, उसाच्या आणि डंपिंगच्या. तेव्हा मी चुलत्यांच्या हाताखाली होतो. एक शेतकरी आला, नवीन ट्रॉली पाहिजे पण पैसे कमी पडतायत, म्हणाला माझी जुनी घ्या. तळाचा पत्रा सडलेला, एक्सल वाकलेला, एक फाळका गायब. मी खाली शिरून चेसिसच्या चॅनेलवर हातोडी मारत मारत गेलो तर आवाज खणखणीत, कुठंच बद्द नाही. मी हो म्हटलं. चुलते पेटलेच, भंगार गोळा करून कधी धंदा होतो का, तुझ्यानं हे व्हायचं नाही, तू दुसरं काहीतरी बघ. मी त्याच आठवड्यात बाहेर पडलो, ती ट्रॉली घेऊनच. तळाला नवीन पत्रा मारला, एक्सल बदलला, फाळका बसवला, रंग दिला आणि विकली. तोच माझा पहिला पैसा.

आता बॅमफर्डचं ऐका. ऑक्टोबर १९४५, १२ बाय १५ फुटांचं गॅरेज, आठवड्याला ३० शिलिंग भाडं, १ पौंडाला घेतलेलं जुनं वेल्डिंग मशीन आणि युद्धात उरलेलं लोखंड. त्यातनं एक टिपिंग ट्रेलर, म्हणजे आपली डंपिंगची ट्रॉलीच, केला, बाजारात नेऊन ९० पौंड सांगितले, गिऱ्हाईक म्हणालं ४५ देतो आणि वर माझी शेतातली जुनी गाडी घे. ह्यानं घेतली, दुरुस्त केली, ती पण ४५ ला विकली, झाले ९०. लोक ते १ पौंडाचं मशीन धरून बसतात, माझ्या मते सगळा धंदा त्या जुन्या गाडीत आहे. गिऱ्हाइकाची अडचण अंगावर घ्यायची आणि तिच्यातनं माल काढायचा.

पुढं १९४८ ला हायड्रॉलिक ट्रेलर, १९५० ला रोसेस्टरला एका जुन्या चीज फॅक्टरीत जागा, १९५३ ला मागं बकेट असलेलं मशीन, ज्याला आपण सगळेच जेसीबी म्हणतो, दुसऱ्या कंपनीचं असलं तरी. साठच्या दशकात त्यानं केबिनमध्ये चहाची किटली लावायला सॉकेट दिलं. दिवसभर थंडीत सीटवर बसणाऱ्या ऑपरेटरचा विचार मालक करतो, हे बघा. आता तर पुण्याजवळ तळेगावला पण त्यांचा कारखाना आहे.

तर टाका वर्कशॉप, पण वेल्डिंग स्वतःला येत असेल तरच. नुसती माणसं लावून चालवीन म्हणत असाल तर नका टाकू. घरचे नाही म्हणतायत म्हणून थांबू नका. आणि दुकान रंगवण्यात पैसे घालू नका, जुना माल ओळखायला शिका.

हां, एक राहिलं, त्याच्या वेळी युद्ध संपून शेतीला अवजारं पाहिजेच होती, तुमच्या भागात गिऱ्हाईक किती ते आधी फिरून बघा. जीएसटी, आरटीओ पासिंग हे वेगळंच. सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक तरी जवळ ठेवा, मी ठेवली नव्हती, बायकोनं फार ओढलं.

आणि बॅमफर्डनं पण १९७५ ला कंपनी पोराच्याच हातात दिली, म्हणजे घरचा धंदा वाईट असं मी म्हणत नाही. चुलत्यांशी माझं आता बोलणं आहे. भंगार हा शब्द मात्र त्यांनी अजून मागं घेतलेला नाही. ती ट्रॉली आजही गावात चालू आहे, मागच्या महिन्यात त्यांच्याच रानात चार खेपा शेणखत टाकून गेली.