व्हिक्टोरियन ब्रोच घेताय? आधी उलटा करा

राणी व्हिक्टोरियाच्या काळातला ब्रोच, म्हणजे कपड्याला टाचायची शोभेची पिन, हातात आली की समोरची नक्षी नंतर बघा, आधी मागच्या बाजूला भिंग लावा. जुनी पिन बहुधा साध्या आकड्यात अडकते आणि तिचं टोक कडेबाहेर डोकावतं. तिथे नवा, चकचकीत फासा दिसला तर दुरुस्ती झालीय. भाव पाडून मागा. सोन्याच्या शुद्धतेचा छाप (हॉलमार्क) नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका, लहान दागिन्यांवर तो अनेकदा नसतोच. १५ कॅरेटचा दिसला तर मात्र खूश व्हा: ब्रिटनमध्ये तो १८५४ ते १९३२ एवढाच चालला. (बावीस कॅरेटला सरावलेल्या डोळ्यांना फिकट वाटेल, वाटू द्या.) नक्षीत साप असला तर बिचकू नका, तो अखंड प्रेमाचा, प्रिन्स अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला दिलेली साखरपुड्याची अंगठीही सर्पाचीच. काचेखाली केसांची वेणी असेल तर ती प्रेमाची किंवा शोकाची, मागे तारीख कोरलीय का बघा. आणि कोंदण मागून बंद असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका, खड्यामागचा वर्ख काळा पडतो.