वाचकांचे प्रश्न : करार नसताना बावीस देश बांधले जातात ते कशाने?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. ‘एशिया-पॅसिफिक नेटवर्क फॉर ग्लोबल चेंज रिसर्च’ या आंतरशासकीय संस्थेत भारतासह २२ देश आहेत, पण तिचे सचिवालय जपानमधील कोबे शहरात आहे, असे वाचनात आले. मग तेथे निर्णय जपान घेतो की सगळे देश? शिवाय, संशोधनाला निधी देणे एवढेच काम असेल, तर काही वर्षांनी नवा धोरणात्मक आराखडा करण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ही संस्था कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने जन्मलेली नाही. जागतिक पर्यावरण बदलाच्या संशोधनासाठी प्रादेशिक व्यवस्था असाव्यात, हा विचार १९९०मध्ये अमेरिकेत झालेल्या एका परिषदेत पुढे आला. अमेरिका खंडातील देशांनी १९९२मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे रीतसर करारावर सह्या करून आपली संस्था उभारली. आशिया-पॅसिफिकमधील देशांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी १९९६मध्ये आपले जाळे सुरू केले ते सरकारांनी मान्य केलेल्या एका चौकटीच्या आधारावर आणि ऐच्छिक योगदानाच्या भरवशावर. रशिया, चीन, अमेरिका आणि भारत यांच्या शेजारी भूतान आणि फिजी बसलेले असताना, सर्वांच्या संसदांची मोहोर लागेल असा मसुदा तयार होईपर्यंत संशोधन ताटकळत राहिले असते. त्यामुळे मला तरी ती निवड शहाणपणाची वाटते.

सचिवालय १९९९पासून कोबेत आहे. कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे, त्याच्या सरकारचा सचिवालयाला आधार आहे आणि निधीचा मोठा वाटा जपानच्या पर्यावरण मंत्रालयाकडून येतो. अमेरिका, न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया यांनीही वेळोवेळी हातभार लावला आहे. तरीही अंतिम निर्णय आंतरशासकीय बैठकीचा असतो आणि तीत प्रत्येक सदस्य देश आपल्या संपर्क प्रतिनिधीमार्फत बसतो. विज्ञानाचा भाग वैज्ञानिक नियोजन गटाकडे असतो. आलेले प्रस्ताव तपासणे, कोणते टिकाऊ आहेत ते सांगणे आणि पुढील संशोधनाची दिशा सुचवणे, हे या गटाचे काम आहे. दोन बैठकांच्या मधल्या काळात सुकाणू समिती गाडा हाकते. म्हणजे पैसा कोणाचा, शास्त्रीय मत कोणाचे आणि मंजुरी कोणाची, या तीन गोष्टी मुद्दाम वेगवेगळ्या हातांत ठेवल्या आहेत. आपल्याकडे अनेक समित्यांत अध्यक्षच निधी आणतो, तोच विषय सुचवतो आणि तोच मंजुरीही देतो. तो अनुभव असलेल्यांना या विभागणीची किंमत सांगावी लागणार नाही.

आता आराखड्याकडे येऊ. करार असलेल्या संस्थेत वाद झाला, तर कलमाकडे बोट दाखवता येते. येथे तशी सोय नाही. प्रतिनिधी बदलतात, मंत्रालयांची प्राधान्ये पालटतात आणि देणगीदार देशाचे अंदाजपत्रक कधी आटते. अशा वेळी सर्वांनी बसून मान्य केलेला आराखडाच एकमेव सामायिक शब्द उरतो, आणि नव्या प्रतिनिधीला ‘हे आधीच ठरले आहे’ असे सांगण्याचा आधारही तोच असतो. दुसरा आराखडा २००५ ते २०१०, तिसरा २०१० ते २०१५ आणि चौथा २०१५ ते २०२० या काळासाठी होता. या वाटचालीत संस्थेची दिशाही बदलत गेली. जोहान्सबर्ग येथे २००२मध्ये झालेल्या शाश्वत विकासावरील जागतिक परिषदेनंतर, म्हणजे २००३मध्ये, विकसनशील देशांतील शास्त्रज्ञांची क्षमता वाढवण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी भर मुख्यतः एकत्रित प्रादेशिक संशोधनावर होता.

या पद्धतीचा दोषही लपवू नये. एकमताने लिहिलेला आराखडा कोणालाही दुखवत नाही आणि म्हणूनच तो कोणतीही अवघड निवड करत नाही. तिसऱ्या आराखड्यातील विषय पाहा : हवामान बदल; परिसंस्था, जैवविविधता व जमिनीचा वापर; वातावरण, भूमी व सागर यांतील बदल; संसाधनांचा वापर व शाश्वत विकासाचे मार्ग. या चार चौकटींबाहेर पर्यावरणाचा कोणता प्रश्न उरतो, हे मला अजून सापडलेले नाही. खरी निवड मग आराखड्यात होत नाही; ती प्रस्ताव मागवताना आणि तपासताना होते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना ही संस्था शिकवायची असेल, तर आराखड्याच्या शेजारी मंजूर प्रकल्पांची यादी ठेवून शिकवावी.

प्रश्न : कोकणातील एखाद्या महाविद्यालयातील अध्यापकाला अशा संस्थेकडून निधी मिळू शकतो का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एकट्याने जाऊन उपयोग होणार नाही. प्रादेशिक संशोधनात अनेक देशांचे, विशेषतः विकसनशील देशांचे, शास्त्रज्ञ एकत्र असावेत ही अपेक्षा असते. खाडीतील गाळ किंवा खारफुटीवर काम करणाऱ्याने श्रीलंका, बांगलादेश किंवा व्हिएतनाममधील किनाऱ्यावर तोच प्रश्न हाताळणारा सहकारी आधी शोधावा. प्रस्ताव बहुधा दोन टप्प्यांत पारखला जातो : आधी संक्षिप्त रूप आणि ते पसंत पडले तर सविस्तर प्रस्ताव. परदेशी सहकाऱ्याशी पत्रव्यवहार सुरू करण्याची वेळ प्रस्ताव मागवणारे आवाहन निघण्याच्या बरीच आधीची असते. आवाहन वाचून सहकारी शोधायला निघालेल्यांना मुदत पुरत नाही.