एआय एजंटला चेकआउटचं टूल वापरायला द्यायचंय, डॉक्युमेंटेशन कसं लिहू?

तुमचा प्रश्न असा आहे की चादरी-टॉवेलच्या वेबसाईटचा चेकआउट (ऑर्डर करून पैसे भरायची पायरी) एआय एजंटकडून, म्हणजे दिलेली टूल्स स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयकडून चालवायचाय, तर एजंटला पेमेंट गेटवेच्या (ऑनलाईन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) डॉक्युमेंटेशनची लिंक दिली तर भागेल का, का वेगळं काही लिहावं लागेल. वेगळं लिहावंच लागेल. मी सोलापुरातलाच, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन कारखानदारांच्या साईटचं पेमेंटचं काम बघतो आणि सध्या हेच करतोय, त्यामुळं माझ्या हाताखालून जे गेलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट रकमेची. आमच्या ऑर्डर करायच्या टूलच्या माहितीत, म्हणजे एजंट जे वाचून टूल वापरतो त्यात, एवढंच लिहिलं होतं, ‘अमाउंट: ऑर्डरची रक्कम’. टेस्ट मोडमध्ये एजंटला १२९९ रुपयांच्या डबल चादरीची ऑर्डर करायला सांगितली, त्यानं सरळ १२९९ पाठवलं. आता रेझरपेला, म्हणजे आमच्या पेमेंट गेटवेला, रक्कम पैशात द्यावी लागते, म्हणजे १२९९००, त्यामुळं ऑर्डर तयार झाली १२ रुपये ९९ पैशांची आणि एरर काहीच नाही, कारण १२९९ हा आकडा तसा बरोबरच आहे. माणूस डेव्हलपर असता तर डॅशबोर्डवर बघून चमकला असता, मला फोन करून विचारलं असतं. एजंट फोन करत नाही, समोर लिहिलंय ते वाचतो आणि जे लिहिलं नाही ते स्वतःच्या मनानं भरतो. आता तिथं असं लिहिलंय: ‘रक्कम पैशात द्या, पूर्ण अंकात, दशांश नको. १२९९ रुपयांसाठी १२९९०० पाठवा. ग्राहकाला सांगताना शंभरनं भागून रुपयात सांगा.’ उदाहरणासकट लिहा, नुसतं ‘पैशात’ लिहून भागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तिथंच कमी पडतात, ती म्हणजे पेमेंट झालं का नाही हेच कळत नाही तेव्हा काय करायचं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर उभा राहून एका ग्राहकानं आमच्या साईटवरनं ८५० चा टॉवेल सेट घेतला, यूपीआय पिन टाकला आणि ॲपवर चक्र फिरत राहिलं, गर्दीत नेटवर्क कसलं असतंय तुम्हाला माहीतच आहे. इकडं एजंटला ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, त्याला वाटलं फेल झालं, त्यानं नवीन ऑर्डर करून नवीन लिंक पाठवली, ग्राहकानं परत पैसे भरले. दोनदा कापले गेले. आम्ही रिफंड केला पण त्या माणसाला जो त्रास झाला तो झालाच, आणि कोडमध्ये चूक नव्हती, ‘उत्तर आलं नाही तर’ हे वाक्यच आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नव्हतं.

म्हणून आता प्रत्येक टूलखाली लिहितो: उत्तर आलं नाही म्हणजे फेल झालं असं धरू नका, नवीन ऑर्डर करू नका, आधी त्याच ऑर्डर आयडीवर स्टेटस बघा. मग स्टेटसचा अर्थ. क्रिएटेड म्हणजे ऑर्डर झाली, पैसे भरायचा प्रयत्न अजून नाही. अटेम्प्टेड म्हणजे प्रयत्न झालाय, पैसे आलेत असं नाही, थांबा आणि परत बघा. पेड आल्याशिवाय ग्राहकाला ‘पैसे मिळाले’ म्हणायचं नाही. आणि पैसे कापले पण दुकानाला कन्फर्मेशन आलं नाही तर ग्राहक काय विचारणार हे ठरलेलंच आहे, तेही लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं यूपीआयनं दुकानदाराला केलेलं असलं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दिलं नाही तर एजंट ‘२४ तासांत येतील’ असलं काहीतरी आत्मविश्वासानं सांगून मोकळा होतो.

ओटीपी आणि यूपीआय पिनबद्दल एक वाक्य ठळक लिहाच: हे ग्राहकाकडं कधीच मागायचं नाही, चॅटमध्ये आलं तरी वापरायचं नाही. एजंटचं काम ऑर्डर करून पेमेंट लिंक देण्यापर्यंत, पुढं माणूस त्याच्या फोनवर भरेल. रिफंड घ्यायला पिन लागत नाही हेही लिहा, फसवणूक त्याच नावाखाली होते.

रिफंडचं टूल कधी वापरायचं यापेक्षा कधी वापरायचं नाही ते आधी लिहा. आमच्याकडं ‘ऑर्डर रद्द करण्यासाठी’ एवढंच होतं, टेस्टिंगमध्ये मी म्हणलं ‘निळी चादर रद्द करा, मरून रंगाची द्या’, तर त्यानं पूर्ण रिफंड करून टाकला. आता रिफंडच्या आधी रक्कम रुपयात सांगून ग्राहकाचा स्पष्ट होकार घ्यायचा असं लिहिलंय, शिवाय ठराविक रकमेच्या वरचा रिफंड ते टूलच माणसाकडं पाठवतं, कारण पैशाची मर्यादा नुसत्या लिहिण्यावर सोडू नये, ती सर्व्हरवर पण पाहिजे.

वेबहुकचं (पेमेंटचं काय झालं ते गेटवे आपल्या सर्व्हरला आपोआप कळवतो तो मेसेज) थोडक्यात, तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, पुढंमागं होऊन येऊ शकतो, आणि मेसेज खरंच गेटवेकडूनच आलाय का हे बघायला त्यासोबतची डिजिटल सही तपासायची ती आलेल्या मूळ मजकुरावर. हे सर्व्हरचं काम आहे, एजंटच्या माहितीत त्याची गर्दी करू नका. रेझरपेचा स्वतःचा एमसीपी सर्व्हर (एजंटला रेझरपेची टूल्स तयार मिळायची सोय) आहे, तो जोडला तरी तुमच्या दुकानाचे नियम तुम्हालाच लिहावे लागतील.

लिहून झालं की एक करा. नवीन कोरी चॅट उघडा, फक्त तुमचं पान त्यात टाका, टेस्टची की, म्हणजे गेटवेच्या खात्याची गुप्त किल्ली, द्या (रेझरपेच्या कीच्या सुरुवातीलाच टेस्ट का लाईव्ह ते दिसतं, लाईव्ह चुकूनही देऊ नका) आणि म्हणा, दोन चादरी, एक टॉवेल, मधेच नेट गेलं, आता काय करशील. तो जिथं अंदाज बांधेल तिथं तुमचं एक वाक्य कमी आहे. माझ्या पहिल्या पानात अशा ११ जागा निघाल्या, त्यातल्या ७ एरर मेसेजच्या होत्या, एरर काय आली ते लिहिलेलं आणि पुढं काय करायचं ते नाही. तुमचं पान तयार झालं की कॉमेंटमध्ये टाका, की काढून टाका फक्त, मी वाचून सांगतो.