शाळा म्हणते ‘तपासून घ्या’, पण शिक्का बसला तर?

“मॅडम, एकदा कागदावर आलं की ते आयुष्यभर पुसलं जात नाही,” तिसरीतल्या मुलाची आई म्हणाली. सरकारी शाळेतल्या बाईंनी निरोप दिला होता, ‘लर्निंग डिसॅबिलिटी वाटते, तपासून घ्या.’ (म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकणं फार जड जाणं, अर्थात अध्ययन अक्षमता.) वडिलांच्या मते पोरगा आळशी. मी समुपदेशक; असे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांची भीती मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

मुलाने पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर गप्प. धडा पाठ होता! मग अंदाजाने वाचता येऊ नयेत म्हणून ‘टमीळ’, ‘कुसाप’ असे बिनअर्थाचे शब्द लिहून दिले. ‘कुसाप’चं ‘कसप’ झालं. उकार, काना दोन्ही गळाले. तोंडी गणितं मात्र पटापट. आळशी मूल अख्खा धडा पाठ करण्याची मेहनत घेईल का, असं मी वडिलांना विचारलं.

तरी लगेच तपासणीला पाठवलं नाही. आधी डोळे आणि कान बघून घेतले. शाळा किती बुडाली, घरची भाषा वेगळी आहे का, हेही विचारलं. जे नीट शिकवलंच गेलं नाही ते आलं नाही, तर ती अक्षमता नव्हे. गर्दीच्या वर्गात ही गल्लत सहज होते. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीतही नेमकी मदत देऊनसुद्धा अडचण किमान सहा महिने टिकावी, अशी अट आहे. त्याप्रमाणे रोज थोडा वेळ अक्षर आणि उच्चार जुळवण्याचा सराव सुरू केला. फरक पडला, पण तुटपुंजा. तेव्हा तपासणी केली आणि वाचनातली अक्षमता निघाली.

आईला मी एवढंच म्हटलं, की तपासणी टाळून नाव टळलं नसतं. वर्गात पोरं त्याला ‘ढ’ म्हणतच होती.

खरी अडचण नंतर आली. बाईंनी त्याला वाचायला सांगणंच बंद केलं, तेही मायेपोटी. लर्निंग डिसॅबिलिटी ही संज्ञा १९६३ साली शिकागोतल्या पालकांच्या सभेत मांडणाऱ्या सॅम्युएल कर्क यांनी त्याच भाषणात बजावलं होतं, की अशा नावांनी आपलं समाधान होतं, मुलाच्या हाती फारसं काही लागत नाही. (हे विसरणाऱ्यांत आम्ही समुपदेशकही आलो.) म्हणून शाळेत बसून सगळं लेखी ठरवलं: परीक्षेत जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवायचे, पण आदल्या दिवशी तयारी करून घेतलेला छोटा उतारा तो वर्गात वाचणारच. वर्षभराने पुन्हा आढावा.

“त्याला सांगायचं का?” आईने विचारलं. सांगायचं. मीच त्याला सांगितलं, की तुझी बुद्धी चांगली आहे, वाचन तुला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागणार आहे. त्याची शंका एकच होती: “गणिताच्या तासाला मला दुसरीकडे नाही ना नेणार?”

नाही नेणार. तेही त्या कागदावर लिहून घेतलं होतं.