सुपारीच्या वाडीत मोरचुदातलं तांबं साठलंय. बुरशीचा अर्क दिला तर नवी रोपं वाचतील का?

रोपं थोडीफार सावरतील, जमीन सुधारणार नाही. यावरून आमच्या घरात अबोला झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची वाडी श्रीवर्धनकडची. कोळे रोगावर, म्हणजे पावसाळ्यातल्या फळगळीवर, आजोबांपासून बोर्डो हे बुरशीनाशक मारतात: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. पावसाच्या तोंडावर एकदा, मग उघडीप मिळाली की पुन्हा. घोसांवरून निथळलेलं सगळं बुंध्याशी उतरतं. तांबं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही, वरच्या थरात साठत राहतं. जुनी झाडं तग धरतात, हाल होतात ते नव्या रोपांचे.

दादानं मेलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपं अशीच पिवळी पडली. दुकानदारानं अर्काची बाटली गळ्यात मारली. फवारणीनंतर नवं पान हिरवं आलं तसा दादा म्हणाला, "बघ, विष उतरलं." मी त्यातलंच एक रोप उपटून पडवीत त्याच्यासमोर धुतलं. वर हिरवं, खाली मुळं आखूड, जाड, टोकाला काळपट. पांढरी तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. त्यावर त्याचं एकच, की मी चांगलं चाललेलं रोप मारलं!

अहो, अर्क म्हणजे मेलेली बुरशी. तिच्या पेशीभित्तिकेचे तुकडे आणि संप्रेरकं रोपाला चेतवतात, तांब्यामुळे पेशींची जी नासाडी होते ती आवरणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. फायदा खरा आहे, पण तांबं जागच्या जागी. जिवंत बुरशीचं वेगळं. मुळांत घर करणाऱ्या मायकोरायझाच्या धाग्यांच्या भिंतीतलं कायटिन हे द्रव्य तांबं धरून ठेवतं, आणि ती बुरशी मुळांबरोबर वाढत जाते. पैसे घालायचेच तर तिच्यावर घाला, तेही रोपं पिशवीत असतानाच.

त्याआधी माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांत तांबं असतंच. फक्त आळ्यातली माती वेगळी द्या, सगळ्या वाडीची एकत्र करून दिलीत तर काही कळणार नाही. सामू (pH) उतरला, म्हणजे माती आंबट झाली, की तांबं मोकळं होतं आणि आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, त्यामुळे सामू बघूनच चुना घाला. शेणखत, पालापाचोळा मात्र हात राखून नको. कुजलेला पाला तांब्याला घट्ट बांधतो.

बोर्डो बंद करा असं मी म्हणत नाही, कोळे रोग लागला तर घोसच्या घोस गळतात. उरलेलं द्रावण आळ्यात ओतायची सवय तेवढी सोडा. आणि बोर्डोच्या आगेमागे जिवंत बुरशी देऊ नका. सगळ्याच बुरशी धातू अडवतात असंही नाही, काहींमुळे तो झाडात जास्त चढतो. म्हणून सुपारीखाली माठ-अळू लावत असाल तर नुसत्या हिरव्या पानावर विश्वास ठेवू नका.

दादानं बाटली खुशाल आणावी. आधी माती तपास, एवढंच मी म्हणत होतो. ती त्यानं अजून दिलेली नाही.