वाचकांचे प्रश्न: केतुबा आणि गेट

प्रश्न: प्राचीन ज्यू कायद्यात नवऱ्याने सोडल्यावर बायकोला काही मिळे का? तिला स्वतःहून वेगळं होता येई का?

उत्तर: मिळे. लग्नाच्या करारात, म्हणजे केतुबात, रक्कम ठरलेली असे. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यू कायद्याच्या संग्रहात, कुमारिकेसाठी 200 झुझ (चांदीची नाणी) आणि विधवेसाठी 100 झुझ हा किमान आकडा आहे. नवऱ्याची मालमत्ता या देण्याला तारण असे, त्यामुळे तो मेला तरी वसुली करता येई. मात्र बदफैली सिद्ध झाली की हक्क बुडे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. घटस्फोटाचा लेख, गेट, नवऱ्यानेच द्यायचा. तो त्याच बायकोसाठी मुद्दाम लिहिलेला हवा; सारख्या नावाच्या दुसरीसाठी लिहिलेला चालत नसे. दोन साक्षीदार हवेत, आणि तो तिच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या हाती पडायला हवा. बायकोला मात्र गेट देता येत नसे. फार तर ती न्यायमंडळाकडे जाई. नवऱ्याला ठरावीक त्वचारोग असेल किंवा तो कातडी कमावणारा असेल, तर न्यायमंडळ त्याला ‘मी राजी आहे’ म्हणेपर्यंत भाग पाडी. जुलमाने काढलेली ही राजी कायद्याला चाले, हे जरा गमतीचंच.

खरी कोंडी नवरा बेपत्ता झाल्यावर होई: ना गेट, ना पुनर्विवाह. म्हणून इथे पुराव्याचा नियम सैल केला. एरवी दोन साक्षीदार लागत. नवऱ्याच्या मृत्यूसाठी एक पुरे, तीही स्त्री असली तरी चाले.