ट्रेनिंगचा खरा फायदा झाला की नाही, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न असा की ट्रेनिंगनंतर सगळे फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच देतात, पण वरिष्ठ 'पैसे वसूल झाले का?' विचारतात तेव्हा दाखवायचं काय. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून सांगते.

फॉर्मवर विसंबू नका. शिकवणारा रंगून बोलला की गुण चढतात. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, शिकले का, कामाची पद्धत बदलली का, निकालात फरक पडला का. फॉर्म फक्त पहिलीपुरता. पुढे जॅक फिलिप्स यांनी परताव्याची पाचवी पायरी जोडली: फायद्यातून खर्च वजा करा, उरलेल्याला खर्चाने भागा, शंभरने गुणा. खर्चात लोकांचे वर्गात गेलेले तासही धरायचे. अवघड आहे तो 'फायदा' हा आकडा.

तिथेच मी चुकले होते. ज्यांच्या चुका सर्वांत जास्त, त्यांनाच आम्ही ट्रेनिंगला बसवलं. पुढच्या महिन्यात चुका कमी झाल्या आणि मी अभिमानाने तक्ता मांडला. एका सहकाऱ्याने त्याच यादीतले, पण जागेअभावी राहून गेलेले लोक तपासले. त्यांच्याही चुका जवळजवळ तेवढ्याच घटल्या होत्या! फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा जरा बरा जातो. आकडे सरासरीकडे परततात, आणि श्रेय ट्रेनिंगला मिळतं.

म्हणून आता मी सगळ्यांना एकदम बसवत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन बॅच करते, दोघींचे आधीचे आकडे लिहून ठेवते आणि दुसरीला तीन महिन्यांनी बसवते. समजा पहिल्या बॅचच्या चुका 100 वरून 70 वर आल्या आणि थांबलेल्यांच्या 100 वरून 85 वर, तर ट्रेनिंगच्या खात्यात 15 च जमा करायच्या, 30 नाही. माणसं थोडी असतील तर एवढा फरक योगायोगानेही पडतो, तेव्हा आणखी एक-दोन फेऱ्या होऊ द्या. कोणता आकडा बघायचा तेही आधीच ठरवा, नाहीतर नंतर सोयीचा सापडतोच.

आकडा हललाच नाही, तर लगेच ट्रेनिंगला दोष देऊ नका. सर्वांत जास्त फायदा झालेल्या आणि अजिबात न झालेल्या दोन-चार जणांशी निवांत बोला. मला बरेचदा एकच उत्तर मिळालंय: "शिकलो, पण साहेब म्हणाले, आपलं जुन्याच पद्धतीने करा." अशा वेळी पुढचं सत्र मी साहेबांसाठी ठेवते.